दोनशे सतरा नंबरचा मोती

“डॉक्टर, बिल्ला नंबर दोनशे सतरा. त्या कुत्र्याला रेबीजची सुई दिलेली आहे का, तेवढं बघून सांगा ना.”

गुरुवारी सकाळी हा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात गुंतलेले होते. टेबलावर अडलेली शेळी होती. पिल्लू आडवं आलं होतं, त्याचा एक पाय हाताला लागत होता, दुसरा लागत नव्हता. माझी मदतनीस रमिलाबेन हिने फोन माझ्या कानाशी धरला होता. तिला म्हटलं, रजिस्टर बघ. तिने दुसऱ्या हाताने पान उलटलं.

“हां मॅडम, छे ने, आहे ना! मार्चमध्ये दिलेली. नाव मोती.”

“दिलेली आहे,” मी फोनवर म्हणाले.

“मग काळजी नाही ना?”

“लस आहे,” मी म्हणाले, आणि रमिलाबेनने फोन ठेवला. मला पिल्लाचा दुसरा पाय सापडला होता.

शेळी वाचली, पिल्लूही वाचलं. तो फोन मी दहा मिनिटांत विसरून गेले.

मी जनावरांची डॉक्टर. मूळची सावंतवाडीकडची, पण सिल्वासात येऊन वीसेक वर्षं झाली. आमलीत माझा दवाखाना आहे. इथे कुत्रा पाळायचा तर परवाना लागतो. परवान्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. लस मी देते, दाखला मी लिहिते, शिक्का नगरपालिकेच्या ऑफिसचा असतो आणि तयार परवाना व पट्ट्यात अडकवायचा बिल्ला मालकाला माझ्या दवाखान्यातून मिळतो. दर मार्चमध्ये लस पुन्हा द्यायची, परवाना नवा करायचा. बाकीचे नियम साधे आहेत. रस्त्यावर कुत्रा साखळीने धरलेला हवा. तो कुणाला चावला तर दहा दिवस बांधून ठेवायचा आणि त्याच्यावर नजर ठेवायची. दहा दिवसांनंतरही कुत्रा धडधाकट असेल, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते, असं समजतात. चावलेल्या माणसाने मात्र त्या दहा दिवसांची वाट बघत बसायचं नसतं. इंजेक्शनं पहिल्या दिवसापासून सुरू करायची असतात. हे मला पाठ आहे. गुरुवारी फोनवर मी ते म्हणाले नाही.

शनिवारी सकाळी परुळेकर सरांचा फोन आला.

परुळेकर सर म्हणजे निवृत्त शिक्षक, डोकमर्डीत एका सोसायटीत तळमजल्यावर राहतात. शिस्तीचा माणूस. मार्च उजाडला की परवाना नवा करायला माझ्याकडे पहिले येणार ते.

“अहो डॉक्टर, मोती कालपासून खात नाही मेला. पाणीसुद्धा नाही. जबडा खाली लोंबतोय. घशात हाड अडकलं असणार. मी बोट घालून बघितलं, काही लागलं नाही. तुम्ही चिमटा घेऊन या.”

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

लोकांना वाटतं, रेबीज झालेला कुत्रा पिसाळतो, धावत सुटतो, दिसेल त्याला चावतो. तसाही प्रकार असतो. पण दुसरा एक मुका प्रकार असतो. त्यात कुत्रा गप्प होतो, अंधारात जाऊन बसतो. जबड्याचे स्नायू सुटतात, तोंड मिटत नाही, लाळ गळते. बघणाऱ्याला वाटतं हाड अडकलंय. प्रेमळ माणसं हात घालून हाड शोधतात.

“सर, आता त्याच्याजवळ जाऊ नका. वहिनींनाही जाऊ देऊ नका. मी येते.”

“अहो, लस दिलेला कुत्रा तो! तुम्हीच दिलीय.”

“म्हणून तर येते. बघते.”

स्कूटरवरून जाताना मी स्वतःला सांगत होते, मार्चमध्ये लस दिलेल्या, नऊ वर्षांत एकही लस न चुकलेल्या कुत्र्याला असं होणं फार फार दुर्मीळ. हाडच असेल.

सरांनी कुत्रा मागच्या धुण्याच्या जागेत ठेवला होता. मी ग्रिलमधून पाहिलं. तांबूस कुत्रा, जेमतेम वर्षाचा. तोंड उघडं, जीभ बाहेर, डोळे भलतीकडेच लागलेले. मागचे पाय लटपटत होते. गळ्यात पट्टा, पट्ट्यात बिल्ला. दोनशे सतरा.

मला आठवत होता तो मोती पांढरा होता. काळ्या ठिपक्यांचा, म्हातारा, माझ्या टेबलावर चढायला कुरकुरणारा.

“सर, हा कोण?”

“मोती.”

“तुमचा मोती पांढरा होता.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तो कुठला आता! तो गणपतीत गेला. हा दिवाळीनंतर आणलाय, दुधनीहून. ह्यांच्या एका विद्यार्थ्याने दिला. ह्यांना कुत्र्याशिवाय करमत नाही, आणि नाव दुसरं सुचत नाही.”

“आणि बिल्ला?”

सर माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी वर्गातला सोपा प्रश्न चुकले होते. “बिल्ला तोच. परवाना मार्चपर्यंतचा आहे. पैसे भरलेले आहेत. लाइटचा मीटर कसा घराचा असतो, भाडेकरू बदलला म्हणून मीटर बदलत नाही. तसंच ना हे?”

“याला लस दिली कधी?”

“मार्चमध्ये देणारच होतो. नूतनीकरणाच्या वेळी.”

सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाने कागद जपला होता, तारीख जपली होती, पावतीही जपली असणार. लस कुत्र्याच्या अंगात असते, कागदात नसते, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि मग मला गुरुवारचा फोन आठवला.

“सर, हा कुणाला चावलाय?”

वहिनींनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “सोमवारी दुपारी. पलीकडच्या चाळीतल्या पोरीला. साखळी सुटली हातातून, म्हणजे… मी लावली नव्हती. समोरच्या समोर तर जायचं होतं. पायाला चावला, पोटरीला. मी स्वतः त्यांच्याकडे गेलो, डॉक्टर. आईला बिल्ला दाखवला. म्हटलं, परवान्याचा कुत्रा आहे, भिऊ नका. वाटलं तर नंबर घ्या, दवाखान्यात विचारा. तिने लिहून घेतला.”

तिने विचारलंही होतं. ती बाई कुठेच चुकली नव्हती.

मी कुत्र्याच्या जागेला बाहेरून कडी लावली. दुरून पाण्याचं भांडं सरकवायचं, बाकी कुणी आत जायचं नाही, असं सांगितलं. सरांना म्हटलं, आता दोघांनी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुवा आणि लगेच हॉस्पिटलला निघा.

“मला कुठे चावलाय?”

“बोट दाखवा.”

उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर पट्टी होती. नारळ खवताना विळीवर कापलेलं. त्याच बोटाने त्यांनी हाड शोधलं होतं.

सर खुर्चीत बसले. मला म्हणाले, “याला काही इंजेक्शन?”

“याला नाही. याच्यासाठी काहीच नाही आता. उठा सर.”

चाळ म्हणजे एका ओळीत दहा-बारा खोल्या, पुढे एक नळ. नळावर एक बाई भांडी घासत होती. कुत्रा चावलेली मुलगी कुठे राहते, असं विचारल्यावर तिने साबणाच्या हाताने खोली दाखवली. “दीपालीची आई ना? सुनंदा. ती कामावर गेली. पोरगी माझ्याकडे आहे, आत टीव्ही बघते. का हो?”

“गुरुवारी दीपालीला इंजेक्शनला नेलं होतं का?”

“नाही नेलं. कुत्र्याला सुई दिलेली आहे म्हणून दवाखान्यातून सांगितलं ना. पहिल्या दिवशी पोरीच्या जखमेत सुया टोचल्या, लई रडली ती. आणि सुनंदाचा खाडा पडतो.”

सुनंदाचा नवरा गावी गेला होता, साक्रीकडे. तिचा फोन बंद लागत होता. कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करतात.

कारखाना धाग्याचा. गेटवरचा वॉचमन जागचा हलला नाही. “मॅडम, शिफ्ट छूटेगी तब मिलना। तीन बजे।”

“तिच्या मुलीला पागल कुत्रा चावलाय.”

“सुपरवायझर को बोलता हूँ।”

सुपरवायझर आला, वैतागलेला. “मॅडम, लाइन पे है वो. रिलीव्हर नहीं है. तीन बजे के बाद ले जाना, इतने में क्या होगा?”

चार तासांनी काय होणार होतं, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण दोन दिवस आधीच गेले होते, आणि तीननंतर ओपीडी बंद. मी पर्समधून लेटरहेडचं पॅड काढलं, पेन उघडलं.

“ठीक है. आप लिख के दो कि आपने रोका. नाम क्या है आपका?”

आमच्या भागात लिहून मागितलं की दार उघडतं. पाच मिनिटांत सुनंदा बाहेर आली. तोंडावर रुमाल, केसांवर धाग्याचे तंतू. तिशीची असेल. मी कोण ते सांगितलं. कुत्रा आजारी आहे आणि त्याला लस दिलेली नव्हती, हेही सांगितलं.

तिने रुमाल खाली ओढला.

“तुम्हीच बोलल्या ना फोनवर, दिलेली आहे म्हणून?”

“मीच बोलले. ती दुसऱ्या कुत्र्याला दिलेली होती. बिल्ला एकच, कुत्रे दोन. मी रंगसुद्धा विचारला नाही.”

“मी काळजी नाही ना, असं पण विचारलं होतं.”

“हो.”

“मग आता माले काय सांगता? माझी पोर मरंल का?”

असा प्रश्न मला जनावरांच्या मालकांनी पुष्कळदा विचारला आहे. त्याचं उत्तर द्यायचं कसं, ते मला येतं असं मी समजत होते.

“पहिल्या दिवशीची इंजेक्शनं वेळेवर झाली आहेत. जखमेतलंही झालं आहे, ते सगळ्यात महत्त्वाचं. मधला एक डोस चुकलाय. तो आत्ता घ्यायचा. चला.”

ती स्कूटरवर मागे बसली.

दीपाली आम्हाला बघून पलंगाखाली शिरली. दुसरीतली मुलगी, पोटरीला पांढरी पट्टी.

“नाही येणार. पुन्हा तसंच टोचतील.”

“या खेपेला दंडावर. बारीकशी,” मी म्हणाले.

“तुम्ही तर कुत्र्यांच्या डॉक्टर आहे. कुत्र्याले द्या ना मग!”

शेजारीण हसली. सुनंदा हसली नाही. तिने पाय धरून मुलीला बाहेर ओढलं आणि कडेवर घेतलं. शेजारणीला म्हणाली, “कुलूप लाव.”

हॉस्पिटलात डॉक्टर तरुण होते. त्यांनी दीपालीचं कार्ड पाहिलं. “तिसऱ्या दिवसाचा डोस कुठे आहे? आज पाचवा दिवस.”

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “माझ्यामुळे चुकला. मी त्यांना कुत्र्याला लस दिलेली आहे असं सांगितलं.”

“तुम्ही?”

“मी व्हेटर्नरी डॉक्टर आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, कुत्र्याची लस बघून माणसाचा कोर्स सोडायचा नसतो. यांना माहीत नसेल. तुम्हाला तर माहीत हवं.”

माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा मुलगा. बरोबर बोलत होता. मी हो म्हणाले.

त्यांनी डोस दिला, पुढच्या तारखा नव्याने लिहून दिल्या. सुनंदाने विचारलं, “आता घाबरायचं कारण नाही ना?” ते म्हणाले, “तारखा चुकवू नका.” याहून जास्त त्यांनी काही सांगितलं नाही. हेच उत्तर मी गुरुवारी द्यायला हवं होतं.

बाहेरच्या बाकावर परुळेकर सर आणि वहिनी आपल्या नंबरची वाट बघत बसले होते. सर उठून उभे राहिले. सुनंदासमोर हात जोडून म्हणाले, “बाई, माझी चूक झाली. मी तुम्हाला खोटं नाही सांगितलं, पण खरंही नव्हतं ते.”

सुनंदा म्हणाली, “सर, तुमच्या कुत्र्याले कागद होता. माझ्या पोरीजवळ काहीच नव्हतं.” आणि मुलीला घेऊन पायऱ्या उतरली.

मी पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ कुत्रा बघायला गेले. रविवारी तो उठला नाही. सर बंद दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे, हलक्या आवाजात काहीतरी बोलत. मी गेले की थांबायचे. सोमवारी सकाळी कुत्रा मेला. हातमोजे, मास्क, चष्मा घालून मी नमुना घेतला आणि तपासणीला पाठवला. मेलेलं जनावर खोल पुरून घेतलं, जागा औषधाने धुवून घेतली. रिपोर्ट आला तो रेबीजचाच. दुधनीच्या विद्यार्थ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, दिवाळीआधी एक परकं कुत्रं वाडीत घुसलं होतं, पिल्लाच्या कानाला थोडं लागलं होतं, भरून आलं. तेव्हा त्याला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नव्हती.

रिपोर्टची बातमी पसरली तसे सोसायटीचे चेअरमन माझ्या दवाखान्यात आले. बरोबर आणखी दोघं.

“मॅडम, आमच्या एरियातले सगळे भटके कुत्रे उचला आणि धरणाजवळच्या जंगलात सोडून द्या. नाहीतर आम्हीच बंदोबस्त करतो.”

“उचलून दुसरीकडे सोडता येत नाहीत. नियमात बसत नाही. जिथले असतील तिथेच लस देऊन, नसबंदी करून सोडायचे.”

“म्हणजे चावू द्यायचं?”

“चावला तो भटका नव्हता. तुमच्या तळमजल्यावरचा होता. पट्टा होता, परवाना होता. गल्लीतल्या एकानेही अजून कुणाला चावलेलं नाही.”

“तुम्ही सरांची बाजू घेताय.”

“मी कुत्री मोजतेय. तुमच्या सोसायटीत पाळलेली किती आहेत?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला चार, दुसरा म्हणाला सहा. मी आणि रमिलाबेन रविवारी गेलो तेव्हा नऊ निघाली. बिल्ले पाच होते. त्यातला एक मांजराच्या गळ्यात होता. चेअरमनसाहेबांच्या पॉमेरेनियनची लस दोन वर्षांपूर्वीची. ते म्हणाले, “आमचा बाहेर जातच नाही.” आम्ही नऊच्या नऊंना लस टोचली आणि गल्लीतल्या चौदांनाही टोचली. गल्लीतली पकडताना सगळ्यात जास्त मदत नळावरच्या त्या शेजारणीने केली. शिळ्या भाकरीचा तुकडा दाखवून एकेकाला नावाने हाक मारत होती.

दीपालीचे सगळे डोस झाले. प्रत्येक तारखेला मी सकाळी सुनंदाला फोन करायचे. ती “हो, चाललो” म्हणायची आणि ठेवायची. शेवटच्या डोसच्या दिवशी मी म्हणाले, आता झालं. ती म्हणाली, “मॅडम, एक बोलू? तुम्ही लोक फोनवर जे बोलता ना, ते आम्ही खरं धरतो. तुमच्या मागे कोण शेळी अडलेली आहे ते आम्हाले दिसत नाही.” शेळीचं तिला रमिलाबेनने सांगितलं असणार, मला वाचवायला. दीपाली आता तिसरीत आहे, ठणठणीत आहे. परुळेकर सर आणि वहिनीही ठीक आहेत. माझ्या ओळखीत एवढ्या थोडक्यात निभावलेली दुसरी केस नाही. त्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही.

सरांना दंड झाला, तो त्यांनी भरला. मग ते एक अर्ज घेऊन ऑफिसात गेले. मला सोबत चला म्हणाले, म्हणून मी गेले. वळणदार अक्षरात दीड पान: माझा परवानाधारक कुत्रा गणेशोत्सवात मृत झाला, त्याचा बिल्ला मी विनापरवाना दुसऱ्या कुत्र्यास घातला, त्यामुळे एका मुलीच्या जिवास धोका निर्माण झाला, तरी सदर नोंद रद्द करावी आणि हे कारण नोंदीत लिहावे.

टेबलामागच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. “सर, दंड भरलाय ना? झालं की. कारण कशाला लिहायचं?”

“लिहा.”

“असा अर्ज आजवर कुणी केलेला नाही. कुत्रा मेल्याचं कळवायला इथे कुणी येत नाही.”

“कळवायचं असतं का?” सरांनी विचारलं.

साहेबांनी ड्रॉवरमधून कोरा परवाना काढला, उलटा केला आणि आमच्यापुढे ठेवला. मागे बारीक अक्षरात अकरा अटी छापलेल्या होत्या. सातवी अशी: कुत्रा मृत झाल्यास, हरवल्यास अथवा दुसऱ्यास दिल्यास मालकाने त्वरित कळवून बिल्ला परत करावा, बिल्ला दुसऱ्या कुत्र्यास वापरता येणार नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला. “मी कधी वाचलं नाही,” ते म्हणाले.

मीही वाचलं नव्हतं. किती वर्षं ते कागद मी माझ्या हाताने वाटत होते.

आता रजिस्टरला कुत्र्याचा फोटो चिकटवलेला असतो. फोनवर मी लसीचं काहीही सांगत नाही. आधी हॉस्पिटलला जा, म्हणते. आणि परवाना हातात देण्यापूर्वी मालकाला समोर बसवून मागच्या अकराही अटी मोठ्याने वाचून दाखवते. सात-आठ मिनिटं लागतात. लोक घड्याळ बघतात, कुत्रे कंटाळून टेबलाखाली झोपतात. परवा चेअरमनसाहेब म्हणाले, “मॅडम, एवढं कोण वाचतं?”

मी म्हटलं, “कोणीच नाही. बसा. पाचवी चाललीय.”